रिपोर्टात तांबं वाढलंय म्हणजे नसांमध्ये नेमकं काय चाललंय?

हल्ली फुल बॉडी चेकअपची पॅकेजं निघालीत, त्यात एकदम ढीगभर टेस्ट करतात आणि त्यातच कुठंतरी सीरम कॉपर नावाची एक ओळ असते. मी लॅबमध्ये काम करते त्यामुळं मला ही ओळ रोज दिसते. नॉर्मल साधारण डेसिलिटरला ७० ते १४० मायक्रोग्रॅम, आणि समोरच्याचं आलेलं असतं १६०-१६५, पुढं ठळक अक्षरात हाय. झालं, माणूस घरी जाऊन आधी तांब्याचा तांब्या माळ्यावर टाकतो. दुसरीकडं बरोब्बर उलटं सांगणारे पण आहेत, तांब्यातलं पाणी प्या नसा साफ होतात, हातात तांब्याचं कडं घाला बीपी उतरतो, असे मेसेज फिरायलेत. दोन्हीकडची माणसं मनापासून बोलतात पण दोघांचंही मूळ गणित चुकलंय, आणि त्या नादात जे खरं बघायला पाहिजे ते राहून जायलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, नसा चोक होण्याच्या आजारात रक्तात तांबं वाढलेलं दिसतं हे खरंय, पण बहुतेक वेळा ते वाढतं अंगात चालू असलेल्या सुजेमुळं, तांब्याच्या लोट्यामुळं नाही.

आता आधी तांब्याचं अंगात काम काय ते बघू. मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून तांबं असतं फक्त ८० ते १०० मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीत मावेल एवढं. दिवसाची गरज एक-दोन मिलिग्रॅमच्या आतबाहेर, आणि ती आपल्या जेवणातनं आरामात भागते, तीळ, शेंगदाणे, हरभरा, तुरीचं वरण, काजू, कलेजी या सगळ्यात तांबं असतं. पण एवढ्याशा तांब्यावर कामं किती आहेत बघा. श्वासातनं घेतलेल्या ऑक्सिजनपासून पेशीत ताकद तयार होते त्यातल्या शेवटच्या टप्प्याच्या एन्झाइमला तांबं लागतं. पेशींना जाळणारे जे ऑक्सिजनचे घातक कण तयार होतात त्यांना मारणारं एसओडी नावाचं एन्झाइम आहे, १९६९ साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या दोघांनी ते काम ओळखलं, त्याच्या पोटात पण तांबं आणि झिंक. आणि नसांच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लायसिल ऑक्सिडेज. हे एन्झाइम कोलॅजन आणि इलास्टिनचे धागे एकमेकांत गुंफतं, त्यामुळं धमनीची भिंत मजबूत पण राहते आणि लवचिक पण राहते, हृदयाचा प्रत्येक ठोका सहन करते. तांबं नसलं की हे एन्झाइम बंद. मागं तांबं काढून टाकलेला खुराक देऊन डुकरं आणि कोंबडीची पिल्लं वाढवली होती, त्यातली कित्येक महाधमनी फुटून मेली. माणसात पण मेंकिस नावाचा दुर्मिळ जन्मजात आजार आहे, १९६२ साली त्याचं वर्णन झालं, त्यात आतड्यातनं तांबं रक्तात जातच नाही, त्या लेकरांच्या धमन्या वेड्यावाकड्या, नागमोडी होतात. म्हणजे तांबं हे नसांचं शत्रू आहे असं सरसकट म्हणणाऱ्यानं आधी हे वाचावं.

आता नसा चोक कशा होतात ते. लोकांच्या डोक्यात चित्र असं असतं की तेलतूप खाल्लं, ते जाऊन नसात चिकटलं, आणि रस्ता बंद. तसं नाहीये. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण धमनीच्या आतल्या अस्तराखाली घुसतात, भिंतीच्या आत. शुगर, बीपी, तंबाखूनं ते अस्तर आधीच दुखावलेलं असलं तर जास्त घुसतात. तिथं अडकलेलं एलडीएल ऑक्सिडाइज होतं, म्हणजे खवट होतं म्हणा. मग शरीराला वाटतं काहीतरी परकं आलंय, पांढऱ्या पेशी धावून येतात, ते खवट एलडीएल खाऊन खाऊन फुगतात, तिथंच मरतात, त्यातनं आणखी रसायनं सुटतात, आणखी पांढऱ्या पेशी येतात. हीच ती सूज, इन्फ्लमेशन. पायाला लागल्यावर येते तशी दिसत नाही, दुखत पण नाही, वर्षानुवर्षं आतल्या आत चालू राहते. त्या गोळ्यावर शरीर एक झाकण तयार करतं, आणि सूज जास्त असली की तेच झाकण पातळ होत जातं. एक दिवस ते फाटतं, त्यावर रक्ताची गुठळी होते, आणि अ‍ॅटॅक येतो. म्हणून तर अँजिओग्राफीत चाळीस-पन्नास टक्केच ब्लॉकेज सांगितलेल्या माणसाला पण अचानक अ‍ॅटॅक येऊ शकतो, लोक म्हणतात डॉक्टरनं काहीतरी चुकीचं सांगितलं, पण ते झाकण किती कच्चं आहे हे त्या टक्क्यात दिसतच नाही.

सुजेची ही गोष्ट नवी नाही. जर्मनीतला विरशो नावाचा डॉक्टर एकोणिसाव्या शतकातच म्हणत होता की धमनीचा हा आजार म्हणजे एक प्रकारचा दाह आहे. पुढं कोलेस्टेरॉलचा जमाना आला आणि ते मागं पडलं. १९९९ साली रसेल रॉस या अमेरिकन शास्त्रज्ञानं न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात सरळ मथळाच दिला की अथेरोस्क्लेरोसिस, म्हणजे नसा चोक होणं, हा सुजेचा आजार आहे. तरी पुरावा काय, हा प्रश्न होताच, कारण सूज आणि आजार सोबत दिसतात म्हणून सुजेनंच आजार झाला असं होत नाही. तो पुरावा आला २०१७ मध्ये, कँटोस नावाच्या अभ्यासात. आधी अ‍ॅटॅक येऊन गेलेले, औषधं चालू असलेले, आणि तरीही सूज मोजायची सीआरपी टेस्ट वाढलेली असे १०,०६१ पेशंट घेतले. त्यांना दर तीन महिन्याला कॅनाकिनुमॅब नावाचं इंजेक्शन दिलं, जे फक्त इंटरल्यूकिन-१ बीटा हे सुजेचं एक रसायन अडवतं. एलडीएल तसूभरही हललं नाही, कोलेस्टेरॉल जिथल्या तिथं, पण १५० मिलिग्रॅमच्या डोसला अ‍ॅटॅक, पॅरालिसिस आणि हृदयविकारानं मरण हे मिळून १५ टक्क्यांनी कमी झालं. मला हा अभ्यास फार मोठा वाटतो, कारण यात कोलेस्टेरॉलला हात न लावता नुसती सूज कमी केली आणि फरक पडला. अर्थात फुकट काहीच मिळत नाही, इन्फेक्शन होऊन दगावणारे त्या गटात जास्त निघाले, आणि औषध भयंकर महाग, त्यामुळं हृदयासाठी ते बाजारात आलंच नाही.

मग स्वस्तातलं कोल्चिसिन तपासलं, गाऊटसाठी, म्हणजे युरिक अ‍ॅसिडच्या सांधेदुखीसाठी, जुन्या काळापासून देतात ते. २०१९ च्या एका अभ्यासात आणि २०२० च्या दुसऱ्या अभ्यासात त्यानं चांगला फायदा दाखवला, २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला हृदयासाठी मंजुरी पण मिळाली, आणि २०२४ मध्ये एक आणखी मोठा अभ्यास आला ज्यात अ‍ॅटॅकनंतर लगेच सुरू केलेल्या कोल्चिसिनचा काहीच फायदा दिसला नाही. शास्त्र असंच चालतं, एक पाऊल पुढं अर्धं मागं. मेडिकलवरनं परस्पर कोल्चिसिन आणून खायचा विचार पण करू नका, किडनी कमजोर असली की ते विषासारखं साठतं.

तर या सगळ्यात तांबं कुठं आलं? ते येतं दोन वाटांनी, आणि त्या दोन वाटा वेगळ्या ठेवल्या नाहीत की गोंधळ होतो.

पहिली वाट खरोखर काळजीची आहे. शास्त्रज्ञांना लॅबमध्ये एलडीएल ऑक्सिडाइज करायचं असलं तर ते काय टाकतात माहितीय का? कॉपर सल्फेट. म्हणजे आपलं मोरचूद! जालना, अंबड, पैठणकडं मोसंबीवाले ज्याची बोर्डो पेस्ट करून खोडाला लावतात तेच, फक्त अगदी कणभर. मोकळं तांबं एलडीएलला भेटलं की ते काही तासांत खवट होतं. आता मोकळं हा शब्द इथं महत्त्वाचा. बोर्डो पेस्ट ज्यांनी केलीय त्यांना हे लगेच कळेल. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, प्लास्टिकच्या ड्रममध्ये दोन्ही द्रावणं एकत्र करायची, आणि मग घासून लख्ख केलेला लोखंडी विळा त्यात बुडवून बघायचा. विळ्याच्या पात्यावर लालसर तांबं चढलं तर अजून मोकळं तांबं शिल्लक आहे, ते झाडाला जाळेल, आणखी चुना घाला. पातं स्वच्छ निघालं म्हणजे तांबं बांधलं गेलं. शरीर पण तांबं मोकळं सोडतच नाही. रक्तातलं ९० टक्क्यांच्या वर तांबं सेरुलोप्लाझमिन नावाच्या प्रोटीनमध्ये बांधलेलं असतं, उरलेलं बहुतेक अल्ब्युमिनला धरून. खरंच मोकळं म्हणावं असं जवळजवळ शून्य. म्हणून लॅबमधल्या नळीत एलडीएल बिघडलं म्हणजे तुमच्या नसात पण तसंच होणार असं थेट म्हणता येत नाही. पण जुन्या ब्लॉकेजच्या आत, जिथं पेशी मेल्यात आणि सगळं बिघडलंय, तिथं तांब्याचे आणि लोहाचे अंश सापडलेत, आणि तिथं ते आग वाढवत असावेत असा संशय घ्यायला जागा आहे. उंदरांवर याचा एक चांगला प्रयोग झालाय, २०१२ साली अमेरिकेत नसा चोक होणाऱ्या जातीच्या उंदरांना तांबं पकडून ठेवणारं टेट्राथायोमॉलिब्डेट नावाचं औषध दिलं तर त्यांच्या धमनीतली सूज आणि गाठी दोन्ही कमी झाल्या. उंदरांमध्ये. माणसात हे सिद्ध झालेलं नाही.

दुसरी वाट म्हणजे तुमच्या रिपोर्टातली ओळ. सीरम कॉपरची टेस्ट मोजते एकूण तांबं, बांधलेलं धरून. म्हणजे ती प्रत्यक्षात सेरुलोप्लाझमिनच मोजते म्हणा ना. आणि सेरुलोप्लाझमिन हे लिव्हरमध्ये बनतं, आणि अंगात कुठंही सूज, इन्फेक्शन, जखम असली की लिव्हरला निरोप जातो आणि ते जास्त बनतं. सीआरपी वाढतो तसंच. गरोदरपणात वाढतं, गर्भनिरोधक गोळ्यांनी वाढतं, विडी-सिगारेट ओढणाऱ्यात जास्त असतं. आपल्याकडं दुष्काळ पडला की गावोगाव टँकर वाढतात, पण टँकर आले म्हणून दुष्काळ पडला असं कुणी म्हणत नाही. वाढलेलं सेरुलोप्लाझमिन बहुतांशी हा टँकर आहे.

फिनलंडमध्ये १९९१ साली एक अभ्यास छापून आला होता, पूर्व फिनलंडच्या पुरुषांचा, ज्यांच्या रक्तात तांबं जास्त त्यांना अ‍ॅटॅकचा धोका तिपटीहून जास्त. त्यानंतर तांब्याला आरोपी करणारे लेख पुष्कळ आले. पण २०१२ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला चार हजारांवर पेशंट तपासले, त्यात सेरुलोप्लाझमिन जास्त असलेल्यांना अ‍ॅटॅक आणि मृत्यू जास्त हे पुन्हा दिसलं, पण एक गोष्ट त्यांनी जास्तीची केली, काही लोकांना जन्मतःच जनुकांमुळं सेरुलोप्लाझमिन जास्त असतं, त्यांच्यात हृदयविकार जास्त आहे का ते बघितलं. नव्हता. म्हणजे प्रोटीनच गुन्हेगार असतं तर जन्मापासून जास्त असणाऱ्यांना जास्त त्रास व्हायला पाहिजे होता. मला तरी हा मुद्दा निकाली वाटतो, तांब्याचा आकडा साक्षीदार आहे, आरोपी कुणीतरी दुसराच.

आमचे एक काका आहेत, मावशीचे मालक, त्यांचा रिपोर्ट असाच हाय आला. "काय गं बाई, अंगात तांबं भरलंय म्हणं माझ्या," म्हणून फोन. मी म्हणलं काका रिपोर्ट घेऊन या, आणि पूर्ण रिपोर्ट बघितला तर एचएस-सीआरपी (सीआरपीचीच जास्त बारीक मोजणारी टेस्ट) ५ च्या वर, तीन महिन्यांची शुगर ८.४, आणि तोंड उघडायला लावलं तर खालच्या हिरड्या लालभडक, ब्रश लागला की रक्त येतंय म्हणाले दोन वर्षं झाली. खिशात गायछाप आणि चुन्याची डबी. त्यांना तांब्याची भीती वाटत होती, डबीची नाही. एचएस-सीआरपीचं साधं सांगते, १ च्या खाली चांगलं, १ ते ३ मधलं, ३ च्या वर धोका जास्त, आणि १० च्या वर आलं तर बहुतेक सर्दी-ताप किंवा कुठलं तरी इन्फेक्शन चालू आहे, दोन-तीन आठवड्यांनी परत करा.

आपल्या भागात ही आतली सूज वाढवणाऱ्या गोष्टी शोधायला लांब जायला नको. तंबाखू पहिला. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात नुसता तंबाखू चघळणाऱ्यांना पण अ‍ॅटॅकचा धोका दुपटीच्या वर निघाला, धूर नाही म्हणून सुरक्षित असं काही नसतं. त्याच अभ्यासात भारत-पाकिस्तानकडच्या लोकांना पहिला अ‍ॅटॅक सरासरी ५३ व्या वर्षी, बाकी जगात ५९ च्या आसपास. सहा वर्षं आधी! दुसरं पोटाचा घेर, पोटातली चरबी नुसती पडून राहत नाही, सुजेची रसायनं सोडत राहते. तिसरं वाढलेली शुगर. चौथं हिरड्या, ज्याकडं आपल्याकडं कुणीच आजार म्हणून बघत नाही, दात हलून पडेपर्यंत दातवाल्याकडं जायचं नाही हा जणू नियमच. हिरड्यांचा इलाज केला की सीआरपी थोडा उतरतो हे दिसलंय, त्यानं अ‍ॅटॅक कमी होतात हे सिद्ध नाही, तरी इलाज करायचाच. आणि चुलीचा धूर, तुराट्या-पळाट्या जाळून स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या छातीत काय जातं ते त्यांनाच माहीत, त्यांच्या हृदयाची चौकशी तर घरात सगळ्यात शेवटी होते. ज्यांना डॉक्टरांनी स्टॅटिन दिलंय त्यांच्यासाठी एक, ती गोळी कोलेस्टेरॉल तर उतरवतेच, सीआरपी पण उतरवते.

मग तांब्यातल्या पाण्याचं काय? खुशाल प्या. बेंगळुरूच्या एका अभ्यासात १६ तास तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मेले आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला २ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा बरंच कमी होतं. नसा त्यानं साफ होत नाहीत, बोअरच्या पाण्यातले क्षार किंवा फ्लोराइड पण जात नाही. पण ताक, लिंबू सरबत, चिंचेचं सार, आमटी हे कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत ठेवू नका, आंबटानं तांबं भराभर सुटतं, उलट्या होतात. आणि लहान लेकराचं दूध तर अजिबात नाही. आपल्या देशात बाळांना लिव्हर सिरोसिस होऊन ती दगावायची, १९८३ साली पुण्याच्या आणि इंग्लंडच्या डॉक्टरांनी मिळून दाखवून दिलं की पितळेच्या भांड्यात तापवलेल्या दुधातनं जाणारं तांबं हे त्याचं कारण असावं. घरोघरी स्टील आलं आणि तो आजार जवळजवळ नाहीसाच झाला. आजीच्या काळातल्या कल्हईला उगाच एवढा मान नव्हता. कड्याचं म्हणाल तर हौस म्हणून घाला, संधिवाताच्या पेशंटवर नीट तपासून बघितलंय, सूज काही उतरत नाही.

तांब्याच्या भीतीपायी लोक आणखी एक करायलेत ते मात्र थांबवा, ते म्हणजे झिंकच्या गोळ्या. कोरोनात ५० मिलिग्रॅमच्या झिंकच्या गोळ्या घरोघरी गेल्या आणि काहींनी त्या वर्षानुवर्षं चालूच ठेवल्यात. जास्तीचं झिंक आतड्याच्या पेशींत एक प्रोटीन वाढवतं, ते प्रोटीन तांब्याला धरून ठेवतं आणि त्या पेशी झडल्या की तांबं शौचावाटे बाहेर. विल्सन नावाच्या आजारात, जिथं तांबं खरंच लिव्हर आणि मेंदूत साठतं, तिथं डॉक्टर मुद्दाम झिंक देतात. पण धडधाकट माणसानं महिनोन्‌महिने घेतलं की तांबं कमी पडतं, रक्त कमी होतं आणि लोहाच्या गोळ्यांनी पण वाढत नाही, पांढऱ्या पेशी उतरतात, पाय बधिर होतात, चाल अडखळते. लेकरांना जुलाबात १४ दिवस झिंक देतात ते वेगळं, ते पूर्ण द्या.

आणि शेवटी ते सलाईनवाले. बायपास टाळा, सलाईन लावून नसा साफ करून देतो, अंगातले धातू काढतो अशा जाहिराती असतात, त्याला किलेशन म्हणतात. २०१३ मध्ये १७०८ पेशंटवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात थोडा फायदा दिसला होता, विशेषतः शुगरवाल्यांना, म्हणून २०२४ मध्ये फक्त शुगर आणि आधी अ‍ॅटॅक आलेल्या पेशंटवर तोच प्रयोग परत केला, ४० आठवडे ४० सलाईन. रक्तातलं शिसं निम्म्याहून कमी झालं, पण अ‍ॅटॅक, स्ट्रोक, मृत्यू, कशातच फरक नाही. एवढे पैसे घालायच्या आधी शुगर, बीपी, एलडीएल आणि दात दाखवून घ्या. आणि सलाईन चालू असेपर्यंत तुमची अ‍ॅस्पिरिनची किंवा स्टॅटिनची गोळी बंद ठेवा असं तिथं कुणी म्हणालं, तर चप्पल घालून तसंच घरी या, स्टेंट पडलेल्या माणसाची गोळी बंद करायला सांगायचा अधिकार फक्त त्याच्या हृदयाच्या डॉक्टरला आहे.